लाभाची बादली

आबांना सगळं मापायची खोड होती. कारखान्यातून घरी आले की चपला काढायच्या आधीच ते रस्त्यापासून दारापर्यंत किती पावलं पडली ते सांगायचे, जसं काही दिवसभरात आमचं अंगण आकसणार होतं. त्यांची वीत एकवीस सेंटिमीटरची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत शेहेचाळीस. चालताना एक पाऊल बहात्तर. हे आकडे मला माझ्या जन्मतारखेच्या आधी पाठ झाले होते. "टेप हरवतो, घड्याळ बंद पडतं," ते म्हणायचे, "आपला हात कुटं जात न्हाई." मी दहा वर्षांची झाले तेव्हा त्यांनी माझी वीत मापली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहून ठेवली : शैला, सतरा. त्या चौकटीवर दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं, धाकट्या भावाचंसुद्धा नव्हतं. मी येता-जाता त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. आईनं दोनदा चौकट पुसली तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

आबा पिरंगुटच्या बाजूला रंगाच्या एका कारखान्यात पाण्याच्या विभागात ऑपरेटर होते. नदीचं पाणी घ्यायचं, तुरटी टाकून निवळायचं, कारखान्याला द्यायचं, आणि कारखान्यानं घाण करून दिलेलं पाणी पुन्हा साफ करून मगच बाहेर सोडायचं, असं ते काम. शिक्षण सातवी. पण खिशात एक वही असायची आणि तिच्यात वर्तुळाचं क्षेत्रफळ, टाकीचं घनफळ, पंप तासाला किती ओढतो, किती पाण्याला किती तुरटी, हे सगळं त्यांच्या तिरक्या अक्षरात असायचं. त्यांच्या सदऱ्याला क्लोरीनचा वास यायचा. आई तो सदरा वेगळा भिजवायची आणि नाक मुरडायची, पण मला तो वास आवडायचा. अजूनही पोहण्याच्या तलावाजवळून गेले की मला आबा घरी आल्यासारखं वाटतं. आमच्या रिह्याच्या खोऱ्यात आता असे तलाव शेतघराशेतघरातून झाले आहेत, त्यामुळे आबा मला वरचेवर भेटतात म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी आई चुलीवर भात टाकायची. घरचा आंबेमोहोर असायचा, त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. भात शिजेपर्यंत आबा मला गणितं घालायचे. "शैले, उभी गोल टाकी, रुंदीला दोन मीटर, पानी मीटरभर. किती लिटर?" मी डोळे मिटून अर्ध्या रुंदीचा वर्ग करायची, तीन पूर्णांक चौदानं गुणायची, आणि आई पेज वेळायच्या आत उत्तर द्यायची, "तीन हजार एकशे चाळीस!" आबा पाटावर थाप मारायचे. ती थाप ऐकायला मी पुस्तकातली सूत्रं त्यांच्याही आधी पाठ करून ठेवायची. चूल फुरफुरतेय, बाहेर बेडकांनी रान उठवलंय, आणि आबांची थाप, असं ते माझं राज्य होतं. मग यमू आली.

यमू म्हणजे ताम्हिणीच्या मावशीची मुलगी, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. मावशीचा नवरा घाटरस्त्यावर चहा-भजीचं हॉटेल चालवायचा आणि मावशी डोंगरउतारावरची भातखाचरं बघायची. तिकडे पुढची शाळा नव्हती आणि पावसाळ्यात चार-चार दिवस घराबाहेर पडता यायचं नाही, म्हणून आईनंच बहिणीला निरोप धाडला की पोरीला आमच्याकडे पाठव, दोघी मिळून पौडच्या शाळेत जातील. यमू आली ती एक पत्र्याची ट्रंक आणि सुकटीचं गाठोडं घेऊन. आईनं त्या सुकटीचं कालवण केलं, नाचणीची भाकरी केली, आणि यमू काही न बोलता चार भाकऱ्या जेवली. मला ती पहिल्या दिवशी आवडली होती, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला ते खरं वाटायचं नाही.

आठवड्याभरात आबांनी तिची वीत मापली. चौकटीवर माझ्या नावाखाली लिहिलं : यमू, अठरा. मी तोवर साडेसतरापर्यंत पोचले होते. अर्ध्या सेंटिमीटरसाठी माणसाचा जीव जळतो का? माझा जळला. रात्री अंथरुणात मी बोटं ताणून ताणून बघितली, अंगठा दुखायला लागला, पण वीत काही वाढली नाही.

तरी वितीचं मी सहन केलं असतं. पण एके संध्याकाळी आबांनी आडव्या टाकीचं गणित घातलं. पिंप आडवं पाडल्यासारखी गोल टाकी, पाव उंचीपर्यंत पाणी, तर किती पाणी? मी पूर्ण टाकीचं घनफळ काढलं, त्याला चारानं भागलं आणि छाती पुढे काढून उत्तर सांगितलं. थाप पडली नाही. यमू भाकऱ्या थापत होती. तिला ना सूत्र ठाऊक होतं ना तीन पूर्णांक चौदा. तिनं परातीवरनं हात न उचलता म्हटलं, "पावापेक्षा लई कमी आसंल, काका. आडव्या पिंपाला खाली बूड आरुंद आसतं, मधी पोट. आमच्या हाटेलात राकेलाचं पिंप आडवंच आसतंया, तळाला आलं की भराभरा सपतं."

आबा तिच्याकडे वळले. मग पाटावर एक नाही, दोन थापा पडल्या. "आगं, हिच्या डोळ्यातच टेप हाय!" ते आईला म्हणाले. मी ताटातली भाकरी अर्धी सोडली. त्या दिवसापासून गणित दोघींना मिळून पडायला लागलं, आणि मी उत्तर दिलं तरी आबांची नजर यमूकडे जायची, ती काय म्हणते म्हणून. मी तिचा हेवा करत होते असं आज नीट शब्दांत लिहिता येतं. तेव्हा नुसतं पोटात दुखायचं. ती हसली तरी दुखायचं, तिनं माझी वेणी घातली तरी दुखायचं. आई म्हणायची, पोरीला जंत झालेत.

आम्ही दोघी बारावी झालो त्या वर्षी आबांच्या विभागात दिवसपाळीला एक शिकाऊ ऑपरेटर घ्यायचं ठरलं. विभागाचे इंजिनिअर बापट साहेब म्हणाले, मुलगी चालेल, काम मापाचं आहे, अंगमेहनतीचं नाही. त्या काळी आमच्याकडे बारावी झालेल्या मुलीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. मला बघायला दोन स्थळं येऊनही गेली होती. ही जागा मिळाली तर लग्न दोन-तीन वर्षं लांबणार होतं, स्वतःचा पगार येणार होता, आणि रोज सकाळी आबांच्या शेजारी बसून कारखान्याच्या गाडीतून जायला मिळणार होतं. खरं सांगायचं तर तिसरी गोष्टच मला पहिली हवी होती. जागा एक, आणि आबांच्या घरात मुली दोन. साहेब म्हणाले, दोघींना एक काम द्या, बघू.

काम असं होतं. तुरटीच्या पाण्यासाठी एक जुनी आडवी टाकी आणली होती. ठिकठिकाणी चेपलेली, त्यामुळे तिला वहीतलं सूत्र लागू पडणार नव्हतं. "सूत्रातली टाकी गोल आसती," आबा म्हणाले, "ही न्हाई." अशा टाकीसाठी मापाची काठी करतात. वीस लिटरच्या बादलीनं साधं पाणी ओतत जायचं, दर पाच बादल्यांना काठी बुडवायची, ओल जिथपर्यंत येईल तिथे चाकूनं खाच पाडायची. खाच म्हणजे शंभर लिटर. पुढे ऑपरेटरनं नुसती काठी बुडवायची आणि खाचा मोजायच्या. टाकीत तुरटी किती उरली ते त्यावरनं कळतं आणि पाण्यात किती सोडायची तेही. काठी चुकली की पाणी गढूळ जातं किंवा पंप कोरडा फिरून जळतो. बांबू आबांनी स्वतः तासून दिला होता.

इथे भात मापायची रीत सांगायला हवी. आमच्याकडे खळ्यावर अधोलीच्या मापानं भात मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात, आणि पुढे दोन, तीन, चार. म्हणजे लाभ हाच एक. पण यमूच्या घरी लाभाची अधोली देवाची म्हणून बाजूला निघायची, हिशोबात धरायचीच नाही. मोजणी त्यानंतर एकपासून सुरू. सुट्टीत ताम्हिणीला गेले की मला त्यांचं ते चुकीचं वाटायचं आणि मी मावशीला तसं म्हणायचीसुद्धा.

सकाळी टाकीवर चढलो. यमू आधी वरच्या झाकणातून आत डोकावली, मग खाली उतरून टाकीच्या टोकाशी, पाणी सोडायच्या कॉकपाशी वाकून काहीतरी बोटं लावत बसली. मला वाटलं, साहेब खिडकीतनं बघतायत म्हणून नाटक चाललंय. ओतायचं काम तिचं, काठी आणि चाकू माझ्याकडे. तिनं पहिली बादली उचलली, ओतली आणि खळ्यावरच्या सुरात म्हणाली, "लाभ." दुसरी ओतली आणि म्हणाली, "एक."

माझा हात काठीवर थांबला. मला तिथल्या तिथे कळलं. ही ताम्हिणीचं मोजतेय. एक बादली हिशोबातून गेली, आता शेवटच्या खाचेपर्यंत काठी वीस लिटरनं खोटी बोलणार. "यमे, थांब," एवढे दोन शब्द तोंडात आले होते. मी ते गिळले. तिनं "पाच" म्हटल्यावर मी शांतपणे काठी बुडवली आणि पहिली खाच पाडली. दिवसभर बादल्या ओतल्या, शंभराच्या वर. तिच्या पोलक्याला घामानं मीठ फुटलं. दुपारी तिनं तिच्या डब्यातली खरवसाची वडी मला दिली आणि मी ती खाल्ली. खाचा खाली लांब लांब, मध्ये दाटीनं, वर पुन्हा लांब, जशा यमूनं भाकऱ्या थापताना सांगितल्या होत्या अगदी तशा पडल्या. पण त्याचंही मला काही वाटलं नाही. माझ्या मनात एकच होतं, की परवा साहेब काठी तपासतील तेव्हा हिची डोळ्यातली टेप उघडी पडणार.

परवा उजाडला. साहेब आले, आबा आले, शिफ्टमधली आणखी दोन माणसं आली. टाकीत बरोबर दहाव्या खाचेपर्यंत पाणी भरलं होतं, म्हणजे हजार लिटर. कॉकखाली दोनशे लिटरची पाच पिंपं मांडली होती, आतून रेघ मारलेली. काठी खरी असेल तर पाच पिंपं रेघेपर्यंत भरून टाकी संपायला हवी. साहेबांनी कॉकला हात लावायच्या आत मी पुढे झाले. माझा आवाज आनंदानं चढला होता.

"साहेब, काठी चुकली आहे. पहिली बादली यमूनं मोजलीच नाही. लाभ म्हणून सोडून दिली. टाकीत हजार नाही, एक हजार वीस लिटर आहेत. पाचव्या पिंपात पाणी रेघेच्या वर जाईल."

सगळे यमूकडे बघायला लागले. यमू माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे, कुणी अचानक दार लावून घेतल्यावर बघावं तशी. आबांकडे मी बघितलं नाही, धीर झाला नाही. साहेब म्हणाले, "ठीक आहे, बघूच." आणि त्यांनी कॉक उघडला.

पहिलं पिंप, दुसरं, तिसरं. चौथं. पाचवं भरायला लागलं आणि मी रेघेकडे डोळे लावले. पाणी रेघेच्या वितभर खाली पोचलं तशी धार बारीक झाली, मग दोरीसारखी, मग ठिबकायला लागली. शेवटचा थेंब पडला तेव्हा पाणी रेघेला टेकलं होतं. फार तर अर्धा तांब्या इकडे-तिकडे.

"हे कसं?" साहेब म्हणाले आणि शिडी चढून टाकीत डोकावले. "आत तर पाणी आहे अजून! तळाला राहिलंय."

"त्येच लाभाचं हाय साहेब," यमू म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "कॉक बुडापासनं दोन बोटं वर बशिवलाय. मी त्या दिशी सकाळी बोटं लावून बघितलं, एक बादलीभर पानी खालीच ऱ्हातंय. तेवढं पानी कवाच भायेर यायचं न्हाई. पंपालाबी मिळायचं न्हाई. मग ते मोजून ऑपरेटरला कशापायी फशिवायचं? आमच्यात लाभ देवाचा आसतो, तो हिशोबात धरत न्हाईत. तसंच केलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला वाटलं शैलीला कळलं आसंल. ती काईच बोलली न्हाई, म्हून."

साहेब हसले, त्यांनी काठी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "आमच्या मॅन्युअलमध्ये या तळाच्या पाण्याला अख्खं एक पान दिलंय." मग ते ऑफिसकडे गेले. माणसं पांगली. आबा पिंपाच्या काठावर हात ठेवून उभे होते.

"शैले," ते म्हणाले, "तुला कवा कळलं, बादली मोजली न्हाई म्हून?"

मला खोटं बोलता आलं असतं. आदल्या रात्री आठवलं, म्हणता आलं असतं. पण आबांपुढे आकडा चुकीचा सांगायची मला सवय नव्हती. "पहिल्याच बादलीला," मी म्हणाले.

"आन तुला वाटलं ती चूक हाय."

"व्हय."

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं, आणि शेजारी पोलक्याचं टोक पिळत उभ्या असलेल्या यमूलाही. आबा ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. ते ऑफिसात गेले, दार उघडंच होतं, आणि साहेबांना काय म्हणाले ते मी बाहेर उभं राहून ऐकलं.

"यमूला घ्या, साहेब. माझी पोरगी हुशार हाय, गणितात यमूच्या म्होरं हाय. चुका काय, माझ्या बी हुत्यात. पर हिला चूक दिसली आन ही गप बसली. हिच्या हातात कॉक देऊन मला घरला जेवाया जाता यायचं न्हाई."

त्या संध्याकाळी आईनं खेकड्यांचा रस्सा केला होता, दोघींपैकी कुणाला तरी जागा मिळणारच म्हणून. मी जेवले नाही. यमूही फारशी जेवली नाही, आणि तिनं जेवावं असं कुणी म्हटलं नाही याचा मला त्या दुःखातही आनंद झाला. इतकी मी वाईट होते. आबांनी त्यानंतर मला कधी गणित घातलं नाही. यमूलाही घरात गणित घातलं नाही, म्हणजे त्यांचा न्याय बरोबरच होता. पण सकाळी सातच्या गाडीत ती त्यांच्या शेजारी बसून जायची. मी ओट्यावरून बघायची आणि गाडी वळणाआड गेली की घरात यायची.

पुढे माझं लग्न झालं, पाच वर्षांनी मीही दुसऱ्या एका कारखान्यात पाण्याच्याच विभागात लागले आणि तिथेच निवृत्त झाले. यमू तिच्या विभागाची प्रमुख झाली. आता टाकीतली पातळी मोबाईलवर दिसते. हिंजवडीला कामाला जाणारा माझा मुलगा काठीची गोष्ट ऐकून हसतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांना मी एक गोष्ट मात्र दरडावून सांगायची : चूक दिसली की तिथल्या तिथे ओरडा, मग ती चूक निघो न निघो. बाई फार कडक आहे म्हणायची ती. हे मी कुठून शिकले ते मी त्यांना सांगितलं नाही. आणि त्या दिवसाबद्दल मी यमूची माफीही कधी मागितली नाही. लग्नकार्यात भेटलो, एकमेकींच्या बाळंतपणात गेलो, आबांच्या शेवटच्या आजारात दिवस वाटून घेतले. मी त्यांना भरवत असताना ती आली की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि साठीच्या उंबरठ्यावर उभी असलेली मी वाटी हातात घेऊन मनात मोजायची, माझ्या वेळेला किती उजळला होता.

आबा दरवर्षी भात निघाला की यमूला दहा अधोल्या आंबेमोहोर मापून द्यायचे. ते गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षी मी आमच्या घरच्या रीतीनं मापलं : लाभ, दोन, तीन, दहापर्यंत. दुसऱ्या वर्षीही. यंदा यमू पोत्याचं तोंड धरून ओट्यावर बसली होती. केस पांढरे, गुडघे दुखतात म्हणून पाय पसरलेले. मी अधोली भरली, वरून हात फिरवला, पोत्यात ओतली आणि म्हणाले, "लाभ."

दुसरी भरली. ओतली. "एक," मी म्हणाले.

यमूनं मान वर केली. मी तिच्याकडे बघितलं नाही. दोन, तीन, चार. मी मोजत राहिले. दहा म्हणून मी अधोली उपडी ठेवली.

"आकरा झाल्या, शैले," यमू म्हणाली.

"ठाऊक हाय मला."

"कवापासनं?"

"पहिलीपासनं."

ती जराशी हसली, मग हसायची थांबली. "मग तवाच का न्हाई बोललीस?" तिनं विचारलं, अगदी आबांच्या सुरात.

"आत्ता बोलतीया न्हवं," मी म्हणाले.

यमूनं पोत्याचं तोंड आवळून सुतळी बांधली. पोतं चांगलंच फुगलं होतं, आणि ते तिच्या गाडीत ठेवताना, खोटं कशाला लिहू, माझ्या पोटात थोडं दुखलंच.